वाचकांचे प्रश्न : वांझ तुरीमागे चाळीस वर्षं

मागच्या अंकात पिकांवरच्या विषाणूंबद्दल मी लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते मी लांबू दिलं, कारण असं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

प्रश्न : मॅडम, मी कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. मला रोगशास्त्रात एम.एस्सी. करून विषाणूंवर काम करायचं आहे. घरचे म्हणतात, तलाठ्याची परीक्षा दे, कृषी अधिकारी हो. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, त्यावर औषध नाही, मग आयुष्यभर करायचं काय? तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? दिवसभर नेमकं काय करायचात? — एक विद्यार्थिनी, केज

तुझ्या घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनीही तोच विचारला होता, फक्त तलाठ्याच्या जागी तेव्हा मास्तरकी होती. डी.एड. कर, गावाजवळ शाळा मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

जिंतूर तालुक्यात आमचं कोरडवाहू रान. ज्वारीच्या सहा तासांमागे तुरीचं एक तास, अशी पेरणी. दिवाळीच्या सुमारास तूर फुलायची आणि रान पिवळं दिसायचं. पण मधेच काही झाडांना फूलच यायचं नाही. ती नुसती वाढायची. पानं बारीक, फिकट हिरवी, त्यांवर पिवळसर ठिपक्यांची नक्षी, झाड झुडपासारखं दाट. पुढे बाकीच्या तुरी वाळून शेंगा खुळखुळायला लागल्या तरी ही झाडं हिरवीच उभी. निंदायला, कापायला येणाऱ्या बाया त्यांना ‘वांझ’ म्हणायच्या. त्या बायांमध्ये माझी थोरली चुलती असायची. तिला मूल नव्हतं. ‘ही बी वांझच निघाली’ म्हणत कुणी एखादं झाड उपटून धुऱ्यावर टाकलं की चुलती हातातलं तास अर्धवट सोडून पुढच्या तासाला जायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. झाडाला असं का होतं, असं मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘रानाचं नशीब.’ चुलतीबद्दल बोलतानाही घरात नशीब हाच शब्द यायचा. दोन्हीकडे कुणी जवळ जाऊन बघितलेलंच नाही, एवढं मला त्या वयातही वाटलं होतं.

१८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ते वर्ष दुष्काळाचं. वडील आणि चुलती खडी फोडायला जात होते, मी नववीत होते. तीन वर्षांनी मी त्याच विद्यापीठात बी.एस्सी.ला गेले. वर्गात आम्ही तिघी मुली. रोगशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर तुरीच्या या रोगाची माहिती लिहिली आणि शेवटी लिहिलं, ‘रोगकारक : बहुधा विषाणू.’ तो ‘बहुधा’ मी वहीत दोनदा अधोरेखित केला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता बघ. हा रोग शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवला १९३१ मध्ये, बिहारमधल्या पुसा इथे. तो एक सूक्ष्म कोळी पसरवतो हे १९६२ मध्ये दाखवलं गेलं. पण विषाणू कुणाच्या हाती लागत नव्हता. इतर बऱ्याच रोगांत आजारी पानाचा रस निरोगी पानावर चोळला की रोग उतरतो; तुरीत या रोगाचं तसं होत नाही. शेवटी २००० साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या आणि स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून तो वेगळा केला. नोंद ते शोध, ६९ वर्षं. माझी नोकरी अर्ध्याहून जास्त संपली तोवर मी ज्याच्यावर काम करत होते, त्याला कुणीही पाहिलेलं नव्हतं.

आणि तरीही काम थांबलेलं नव्हतं, हे तुझ्या वडिलांना सांग. बीएसएमआर ७३६ ही लाल तूर तुमच्या केज भागातही पेरली जाते. ती जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राची आहे. नावातल्या ‘बी’मागे बदनापूर आहे आणि पुढच्या अक्षरांत ‘वांझ रोगाला प्रतिकारक’ हे इंग्रजीत दडलेलं आहे. विषाणू सापडायच्या आधीच हा वाण शेतकऱ्यांच्या रानात उभा होता. चोर कोण हे ठाऊक नसताना दाराला कडी लावली गेली, कारण तो येतो कसा हे नीट पाहिलेलं होतं.

ते पाहायचं कसं, हेच आमचं दिवसभराचं काम.

वांझ रोगासाठी माझं मुख्य हत्यार होतं स्टेपलर. ऑफिसात कागद जोडायचा तोच, लहान आकाराचा. वाय. एल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्रिसॅटमध्ये १९७० च्या दशकात ही रीत बसवली आणि मी ती तिथेच शिकले. तुरीचं रोप दहा-बारा दिवसांचं झालं, पहिली दोन पानं उघडली, की आजारी झाडाचं कोळी असलेलं पर्ण घ्यायचं. ते रोपाच्या पानावर असं दुमडायचं, की त्याची खालची बाजू निरोगी पानाला टेकेल, आणि वरून पिन मारायची. आजारी पर्ण वाळायला लागलं की त्यावरचे कोळी आपोआप ताज्या पानावर उतरतात. एका हंगामात शेकडो वाणांच्या ओळी, प्रत्येक ओळीत वीस-पंचवीस रोपं, प्रत्येक रोपाला पिन. जुलैच्या चिखलात वाकून हे करायचं. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडायचा, पिनांच्या डब्या पिशवीत लागायच्या, आणि पाऊस आला तर स्टेपलर आधी पदराखाली जायचा. मग वाट बघायची. सप्टेंबरपर्यंत ओळीच्या ओळी फिकट पडायच्या आणि एखाद-दुसरी ओळ हिरवीगार, निरोगी उभी राहायची. त्या ओळीला खुणेचं लेबल बांधताना जे वाटतं, त्यासाठी मी हे काम निवृत्तीपर्यंत केलं.

तो कोळी केवढा? मिलिमीटरचा साधारण पाचवा भाग. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पानाची खालची बाजू न्याहाळायची. त्याला पंख नाहीत. वारा नेईल तिथे जातो. तूर आणि तुरीचे रानटी भाऊबंद सोडून तो दुसऱ्या कशावर जगत नाही. आजारी पानावर पंधरा मिनिटं चरला की विषाणू उचलतो, निरोगी पानावर दीड तास चरला की सोडतो, आणि असा एकच कोळी एका झाडाला पुरतो. आता विचार कर, हा फक्त तुरीवर जगतो तर तूर काढल्यावर उन्हाळ्यात राहतो कुठे? धुऱ्यावर राहिलेल्या चार-दोन तुरींवर, विहिरीपाशी, आखाड्यामागे, न उपटलेल्या खोडाला फुटलेल्या धुमाऱ्यांवर. शेळीला पाला होतो म्हणून आपण ती ठेवतो. पुढच्या मृगात नवीन रोप उगवलं की वारा वाहतो आणि बाकी सगळं त्या वाऱ्यावर होतं. लहानपणी बाया वांझ झाड उपटून धुऱ्यावर टाकायच्या म्हटलं ना, ते उपटणं बरोबर होतं. पण बऱ्याचदा उपटायला उशीर झालेला असायचा. पेरणीपासून पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर त्या झाडाकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून दिसताक्षणी उपटायचं आणि धुऱ्यावर न ठेवता पुरून टाकायचं.

विषाणूला औषध नाही हे खरं. पण त्याला यायला वाहन लागतं, पीक नसताना राहायला घर लागतं. वाहन ओळखायचं, घर शोधायचं, आणि ज्याच्या दारात तो थांबतो असं बियाणं निवडत राहायचं. चाळीस वर्षं मी यापेक्षा वेगळं काही केलं नाही.

बाकीचे दिवस काचगृहातले. सकाळी लवकर, पांढरी माशी गारठ्याने सुस्त असते तेव्हा, पानाखालून काचेच्या नळीने तोंडाने ओढून ती गोळा करायची. आजारी झाडावर चोवीस तास, मग निरोगी रोपावर चोवीस तास, एका रोपाला दहा माश्या. रस चोळायचा असेल तर खल-बत्ता बर्फात थंड करायचा, पान बफरच्या पाण्यात वाटायचं, चवळीच्या कोवळ्या पानावर कार्बोरंडमची बारीक पूड भुरभुरायची आणि बोटाने हलकेच रस फिरवायचा. पुडीने पानावर न दिसणारे ओरखडे पडतात, तिथून विषाणू आत जातो. चार-पाच दिवसांत चवळीवर ठिपके उमटले की पुढचा तपास सुरू. शेजारच्या कुंडीत निरोगी पानाचा रसही तसाच चोळायचा. ही दुसरी कुंडी कधीच चुकवायची नाही. मी एका हंगामात घाई केली आणि ती वगळली. जे ठिपके मी विषाणूचे समजून बसले ते बोटाच्या दाबाने जखमा होऊन पडले होते. चार महिने गेले.

पुढे पानातला विषाणू थेट ओळखणाऱ्या चाचण्या आल्या, आधी एलायझा, मग पीसीआर. ज्या तपासाला महिना लागायचा तो दिवसावर आला. ही तंत्रं तू शिकशीलच, आणि चांगली शीक. पण पान कुठल्या झाडाचं, कुठल्या कोपऱ्यातलं, बांधापासून किती लांबचं, हे यंत्र सांगत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण या कामात चुकीचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो. बीड जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या पपईवर रिंगस्पॉट आला होता. पानं फाटल्यासारखी अरुंद, फळांवर गोल कडी. मी नवी होते. मावा हा रोग पसरवतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दर आठ दिवसांनी कीटकनाशक फवारायला सांगितलं. त्यांनी उसनवारी करून फवारलं आणि बाग गेली ती गेलीच. कारण मावा हा विषाणू तोंडाच्या टोकावर नेतो. झाडावर उतरून, चव घेण्यापुरती सोंड टोचून, काही सेकंदांत तो रोग देऊन मोकळा होतो. औषधाने तो मरतो, पण रोग देऊन झाल्यावर मरतो. पुस्तकात हे होतं. मी ‘मावा’ हा शब्द वाचला होता आणि ‘सेकंद’ हा शब्द वाचला नव्हता. दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘मॅडम, आता दुसऱ्याला सांगू नका म्हणजे झालं.’ तेव्हापासून कुठलाही सल्ला देण्याआधी मी स्वतःला विचारते, हा किडा किती वेळात रोग देतो? पांढऱ्या माशीसारखा तासन्तास चरणारा असेल तर फवारणीचा थोडा उपयोग आहे. माव्यासारखा टोचून उडणारा असेल तर नाही.

आता व्यवहाराचं. बी.एस्सी. झाल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दे. त्यातून दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशा कुठल्याही चांगल्या ठिकाणी जाता येतं. राज्यातली चार कृषी विद्यापीठं आहेतच. प्राध्यापक व्हायचं तर नेट लागेल, केंद्रीय संस्थेत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा. जागा कमी निघतात आणि भरती रखडते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण जालन्याच्या बियाणे कंपन्यांनाही रोगांवर काम करणारी माणसं लागतात. तिथे कामाचा वेग जास्त आणि मोकळीक कमी, असं माझ्या विद्यार्थिनी सांगतात. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायचाच असेल तर कर, घरच्यांना धीर येईल. पण रोगशास्त्राचा अर्जही भर. आणि या दिवाळीत रानात जाऊन न फुललेली तूर शोध. तिच्यापाशी तू अर्धा तास न कंटाळता बसलीस, तर हा विषय तुझा आहे.

चुलती १९९८ मध्ये गेली. मी त्या तुरीवर काम करते हे तिला माहीत होतं. एकदा ती म्हणाली, ‘मग झाडाचा कायी दोष नव्हता म्हण की.’ नव्हता, असं मी म्हणाले. शेतकरी तोच शब्द वापरतात म्हणून मीही लिहिताना ‘वांझ रोग’ लिहिते. बोलताना मात्र अजून माझ्या तोंडात तो शब्द येत नाही, मी ‘न फुलणारी तूर’ म्हणते.

प्रश्न : आमच्या भागात वीस-पंचवीस वर्षांमागे सूर्यफुलानं रानं भरलेली असायची. मग झाडं काळी पडून शेंडे वाकडे व्हायला लागले आणि सगळ्यांनी पीक सोडलं. आता पुन्हा पेरावं म्हणतो. तो रोग गेला का? — एक शेतकरी, औसा

गेला नाही, दादा. पण तो आता ओळखीचा झाला आहे, आणि ओळखीच्या रोगाबरोबर शेती करता येते.

तुम्ही म्हणता तो नेक्रोसिस. १९९७ मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीला तो पहिल्यांदा दिसला आणि पाठोपाठ लातूर भागात आला. पानाच्या शिरेपासून काळी जळ सुरू होते, ती देठावरून खोडात उतरते, शेंडा पिळवटतो, फुलाची मान वाकडी होते आणि फूल भरत नाही. सुरुवातीला आम्हा सगळ्यांना तो भुईमुगाच्या शेंडेमर रोगाचा भाऊ वाटला, कारण फुलकिडे दोन्हीकडे सापडत होते. तो अंदाज चुकला. पुढे सिद्ध झालं की हा टोबॅको स्ट्रीक व्हायरस, वेगळ्याच घराण्यातला.

आणि त्याचं घर कुठे निघालं? गाजर गवतात. काँग्रेस गवत म्हणता तुम्ही. गवतावर रोगाची एकही खूण दिसत नाही, ते टवटवीत असतं, पण त्याच्या परागकणांत विषाणू असतो. फुलकिडे त्या फुलांत लोळतात, पराग अंगाला चिकटवून सूर्यफुलावर जातात. तिथे पान खरवडताना पडलेल्या बारीक जखमांत तो पराग दाबला जातो आणि विषाणू आत शिरतो. किडा इथे नुसता हमाल आहे, माल गवताचा. त्या वर्षांत मी औसा-निलंगा रस्त्याने जायची तेव्हा दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांचं गाजर गवत छातीएवढं उभं असायचं आणि पलीकडे काळी पडलेली सूर्यफुलं. आम्ही सगळे सूर्यफुलाकडे बघत होतो. गवताकडे बघायला आम्हाला उशीर झाला याची खंत मला आहे. याच विषाणूने २००० साली आंध्रच्या अनंतपूर भागात सव्वादोन लाख हेक्टरवरचा भुईमूग धरला, तेव्हा गवताचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

तेव्हा पेरा, पण खरिपात नको. पावसाळ्यात गवत फुललेलं असतं आणि पराग तयार असतो. रब्बीत पेरलं तर लागण पुष्कळ कमी राहते. पेरणीआधी बांध, रस्त्याची कड, विहिरीचा परिसर गाजर गवतापासून मोकळा करा आणि तेही ते फुलावर यायच्या आत. शेजाऱ्याला बरोबर घ्या, एकट्याच्या बांधाने भागत नाही. रानाच्या चारी बाजूंनी ज्वारीच्या तीन-चार ओळी आधी पेरून ठेवा, वाऱ्याबरोबर येणारा फुलकिडा तिथे अडतो. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असावं, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे रोप सांभाळलं जातं. सोयाबीनने तुमच्या भागाला पैसा दिला हे मला मान्य आहे. पण एकाच पिकावर सगळा तालुका उभा राहिलेला बघून मला काळजी वाटते. सूर्यफूल परत येत असेल तर फार बरं होईल.

प्रश्न : कपाशीवरचा लाल्या हा व्हायरस आहे असं दुकानदार म्हणतो आणि ‘व्हायरसचं औषध’ देतो. घ्यावं का? — माजलगाव

घेऊ नका. लाल्या हा विषाणूचा रोग नाही. बोंडं भरायच्या वेळी झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री थंडी वाढते, पाण्याचा ताण किंवा निचऱ्याचा प्रश्न असतो, तुडतुड्यांनी रस शोषलेला असतो, आणि पान लाल होतं. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टाकून फवारा, तुडतुडे बघा, पाण्याचं बघा. विषाणूला मारणारं फवारणीचं औषध जगात कुठे मिळत नाही, तेव्हा त्या नावाची बाटली दिसली की परत ठेवा.

ओळखायची एक साधी खूण सांगते. कमतरता असेल तर रानाचा पट्टाच्या पट्टा सारखा दिसतो, आणि पानाच्या दोन्ही अर्धांवर रंग सारखा असतो. विषाणू असेल तर एक झाड आजारी, त्याला लागून दुसरं ठणठणीत, चार झाडं सोडून पुन्हा एक आजारी. आणि पानावरची नक्षी वेडीवाकडी, डावी-उजवी न जुळणारी.

प्रश्न : परभणी क्रांती भेंडीवर केवडा येत नाही असं वडील सांगायचे. माझ्या रानात तर अर्धी भेंडी पिवळी पडली. बियाणं बनावट असेल का? — एक भाजी उत्पादक, पैठण

बनावट असू शकेल, पण खरं बियाणं असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. आणि हे लिहिताना वाईट वाटतं, कारण परभणी क्रांती हा आमच्या विद्यापीठाचा अभिमान आहे.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडणारा हा रोग मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये नोंदवला गेला. पांढरी माशी तो पसरवते. आधी दिल्लीची पुसा सावनी ही भेंडी त्याला तोंड द्यायची. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्याचा व्यवसाय उभा केला त्याची सुरुवातही याच पुसा सावनीच्या बियाण्यापासून झाली. काही वर्षांनी पुसा सावनी रोगाला बळी पडायला लागली. तेव्हा परभणीत एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी तिचा एका रानटी भेंडीशी संकर केला. दोन जाती वेगळ्या, त्यामुळे पहिल्या पिढीला धड बी धरत नव्हतं. पुन्हा पुसा सावनीशी संकर, पुन्हा निवड, असं करत १९८० च्या दशकात परभणी क्रांती आली. मी तेव्हा विद्यापीठात होते. पांढऱ्या माशीने भरलेल्या रानात चारी बाजूंची भेंडी हळदीसारखी पिवळी आणि मधली ही हिरवी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण तुमच्या वडिलांच्या काळातला विषाणू आता तोच राहिलेला नाही. या घराण्यातले विषाणू एकाच झाडात भेटले की एकमेकांचे तुकडे अदलाबदल करतात. पुढे असंही समजलं की त्याच्याबरोबर एक छोटा जोडीदार असतो, आणि त्या जोडीदाराशिवाय भेंडीत रोगाची खरी लक्षणं दिसत नाहीत. माणसाने कडी बदलली की काही वर्षांनी तो नवी किल्ली घेऊन येतो. म्हणून प्रतिकारक वाण हे कायमचं दान समजू नका. दर चार-पाच वर्षांनी विद्यापीठात चौकशी करून वाण बदला, आणि आजारी झाड पहिल्या महिन्यातच उपटा. परभणी क्रांतीने शेतकऱ्यांना चांगली वीसेक वर्षं दिली. त्या दोघांच्या कामाची किंमत माझ्या मनात तेवढीच आहे.

प्रश्न : पिवळ्या शिरांची भेंडी किंवा कडी पडलेली पपई खाल्ली तर लेकरांना काही होतं का? — एक गृहिणी, नांदेड

काही होत नाही, ताई. वनस्पतींचे विषाणू माणसाच्या पेशीत वाढू शकत नाहीत. आपण मिरची खातो, तिखट खातो, त्यांतून मिरचीचा एक विषाणू रोज आपल्या पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. तो माणसांच्या मैल्यात इतका नेमाने सापडतो, की पाण्यात सांडपाणी मिसळलं आहे का हे शोधायला शास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करतात. कडी पडलेली पपई कमी गोड लागेल, पिवळी भेंडी जून आणि दोरेदार लागेल, इतकंच. अशा अफवा उठल्या की बाजारात भाव पडतो आणि आधीच पीक गेलेल्या माणसाचं उरलंसुरलंही जातं. म्हणून शेजारणींनाही सांगा.

प्रश्न : आमच्या मिरचीची पानं मासिकाच्या पत्त्यावर पाठवली तर चालतील का? — बऱ्याच जणांनी विचारलं

मी आता प्रयोगशाळेत नसते, त्यामुळे इथे पाठवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणी, बदनापूर, लातूरच्या केंद्रावर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानं घामेजतात आणि दुसऱ्या दिवशी कुजतात. वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. वाळलेलं पान नको, शेंड्याकडचं कोवळं आणि नुकती खूण दिसायला लागलेलं हवं. कागदावर वाण, पेरणीची तारीख, शेजारच्या रानात काय आहे आणि शेवटची फवारणी कशाची, एवढं लिहा. आणि त्याच रानातल्या एका निरोगी झाडाचं पान वेगळ्या कागदात बांधून सोबत न्या.